आषाढात कोरडी खोली: रत्नागिरीतल्या चिऱ्याच्या घरात तापमान आणि आर्द्रता वेगवेगळी सांभाळताना

एसी चोवीस अंशांवर लावलेला, रात्रभर चालू, खोली चांगली गार. तरीही पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरट बुरशी, हार्मोनियमच्या पट्ट्या फुगून अडकलेल्या, गाद्यांना कोंदट वास आणि सकाळी दार उघडल्यावर कपाटाच्या काचेवर दव. कोकणात जुलैमध्ये ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले असतात: एसी आणखी दोन अंश खाली आणा, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा, ऊन पडले की खिडक्या उघडा. इथे ज्या खोलीबद्दल लिहिले आहे तिथे हे तिन्ही उपाय करून झाले होते आणि तिन्हींनी दमटपणा वाढवला होता.

घर रत्नागिरी परिसरातले, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींचे. वर्णन एकाच खोलीचे असले तरी त्या पट्ट्यातल्या अशा खोल्यांत सर्रास जे दिसते तेच इथे एकत्र घेतले आहे. खोली १४ बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे सुमारे ४८ घनमीटर हवा. वर स्लॅब, उत्तर आणि पश्चिम बाजूच्या भिंती बाहेरच्या, दोन लाकडी खिडक्या, वर एक जाळीचा झरोका, जोडून बाथरूम. दोन वयस्क माणसे तिथे झोपतात. उत्तरेच्या भिंतीला टेकून हजारेक पुस्तकांची मांडणी, कोपऱ्यात तंबोरा आणि हार्मोनियम. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आधीपासूनच बसवलेला.

एसी गार करतो, कोरडे का करत नाही

एसीचा थर्मोस्टॅट फक्त तापमान बघतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर ३३-३४ अंश असतात, स्लॅब तापलेला असतो, त्यामुळे एसीला तासन्‌तास चालावे लागते आणि एसीतल्या गार कॉइलवर (नळ्यांच्या जाळ्यावर) पाणी जमून बाहेर जात राहते. त्या दिवसांत आर्द्रता आपोआप आटोक्यात राहते, म्हणून कोणाचे तिकडे लक्ष जात नाही. जुलैत चित्र पालटते. बाहेरच २६-२७ अंश, ऊन नाही, स्लॅब थंड. एसी दहा मिनिटांत ठरलेले तापमान गाठतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. आतला पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवर चिकटलेले पाणी पुन्हा खोलीतच उडवतो. इन्व्हर्टर एसी पूर्ण थांबत नाही, पण मंद चालताना त्याची कॉइल पुरेशी गार होत नाही, म्हणून पाणी कमीच काढतो. या खोलीत पहाटे तापमान २४ आणि सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के आहे ते) ७८ ते ८० टक्के दिसत होती. अशा हवेत बुरशी आनंदाने वाढते. ती रोखायची तर आर्द्रता कायम पासष्टच्या खाली ठेवावी लागते.

तापमान आणखी खाली आणले तर काय होते, ते दवबिंदूवरून कळते. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. म्हणजे २५ अंशांहून गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला ती हवा लागली की पाणी सुटणारच. रात्रभर २४ अंशांवर राहिलेली काच, लोखंडी कपाट, तंबोऱ्याच्या तारा, सगळे त्या रेषेच्या खाली. सकाळी एसी बंद करून दार उघडले की बाहेरची हवा आत येऊन थेट त्यांच्यावर दव धरते. २२ अंशांवर हे आणखी वाढते, शिवाय शेजारच्या खोलीच्या बाजूने सामाईक भिंतीवर काळे डाग पडू लागतात. म्हणून पहिला निर्णय उलटा वाटणारा होता: पावसाळ्यात खोली २६.५ ते २७ अंशांवरच ठेवायची, तिथून खाली न्यायची नाही. ५५ टक्के आर्द्रता आणि छताचा पंखा असेल तर २७ अंशांत झोप उत्तम लागते.

आधी उदबत्ती, मग यंत्र

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतले पाणी काढून घेणारे यंत्र, आणायच्या आधी खोलीत बाहेरची हवा किती शिरते ते बघणे सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. दारे-खिडक्या लावून, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू करून, पेटलेली उदबत्ती प्रत्येक चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवायची. धूर जिथे झपकन आत वळतो तिथे फट. इथे सापडलेल्या जागा: झरोका पूर्ण उघडा, दाराखाली जवळपास अर्धा इंच जागा, एका खिडकीची फळी वाकलेली आणि एसीच्या पाइपांचे भोक नुसते प्लॅस्टिकच्या झाकणाने झाकलेले. एक जागा अनपेक्षित होती. स्विचबोर्डाच्या मागच्या पाइपातून हवा येत होती, कारण त्याचे दुसरे टोक मीटरच्या पेटीत, पडवीवर उघडे होते.

हिशोब साधा आहे. २७ अंशांच्या हवेत ९० टक्के आर्द्रतेला घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम पाणी असते, ६० टक्क्यांना साडेपंधरा. म्हणजे आत येणारी प्रत्येक घनमीटर हवा पावणेआठ ग्रॅम जादा पाणी घेऊन येते. खोलीतली हवा तासाला दीड वेळा बदलत असेल तर दिवसाला सुमारे १३ लिटर पाणी आत येते. फटी बुजवून ते प्रमाण अर्ध्या वेळेवर आणले की साडेचार लिटर उरते. हा फरक म्हणजे एक अख्खे यंत्र.

त्याहून मोठी चूक एक्झॉस्टची. सहा इंची एक्झॉस्ट तासाला दोनशे घनमीटर हवा सहज ओढतो. बाथरूमचे दार उघडे ठेवून तो दिवसभर चालवला की तेवढीच पावसाळी हवा फटींतून खोलीत येते आणि तिच्याबरोबर तासाला दीड लिटर पाणी. ‘ओल बाहेर जावी’ म्हणून लावलेला पंखा ओल आत आणत होता. त्याला पंधरा मिनिटांचा टायमर लावला. आंघोळ झाली की बाथरूमचे दार लावून तो चालवायचा, नंतर आपोआप बंद. बाथरूमची बाहेरची छोटी खिडकी त्या वेळी उघडी असते, त्यामुळे पंखा हवा तिथून घेतो, खोलीतून नाही.

झरोक्यावर आतून ४ मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिक शीट स्क्रूने बसवून कडेने सिलिकॉन भरले. नोव्हेंबरात काढता यावी म्हणून ती कायमची चिकटवली नाही. खिडक्यांना फोमची पट्टी, दाराला खाली ब्रशची पट्टी, एसीच्या भोकात पीयू फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा), बोर्डाच्या पाइपात दोन्ही टोकांना पुट्टी. बाहेरून येणारी हवा रोखली म्हणून गुदमरायला होत नाही. दोन माणसांच्या ये-जा आणि उरलेल्या फटींमधून पुरेशी ताजी हवा येते. मात्र खोलीत गॅस, शेगडी किंवा गिझरची ज्योत असेल तर हे सगळे करायचे नाही. तिथे वायुवीजन आधी.

यंत्र केवढे

फटींतून साडेचार लिटर, झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत पाऊण लिटर, उत्तरेच्या ओलसर भिंतीतून अंदाजे लिटरभर. दिवसाला सहा-साडेसहा लिटरचे काम. दुकानात ‘१२ लिटर’ लिहिलेले यंत्र यासाठी पुरेसे वाटेल, पण तो आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत मोजलेला असतो. २७ अंश आणि ६० टक्क्यांना तेच यंत्र निम्म्याच्या आसपास पाणी काढते. म्हणून ‘२० लिटर’चे यंत्र घेतले. आपल्या परिस्थितीत ते दहा लिटर देईल, म्हणजे दिवसातले चौदा-पंधरा तास चालेल. ३२० वॅटच्या यंत्राला याचे सुमारे साडेचार युनिट लागतात.

यंत्र घेताना दुकानातच एक चाचणी करायची. ते चालू करा, भिंतीवरचे बटण बंद करा, पाच मिनिटांनी परत चालू करा. यंत्र आपोआप सुरू झाले तरच घ्या. टच पॅनेलची कित्येक यंत्रे वीज गेल्यावर ‘बंद’ स्थितीतच राहतात. अशा यंत्रावर बाहेरचा कंट्रोलर (आर्द्रता मोजून यंत्राची वीज जोडणारे-तोडणारे उपकरण) चालतच नाही, आणि कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

यंत्र पाणी काढते तशी उष्णताही सोडते, हे लक्षात घ्यावे लागते. वाफेचे पाणी होताना लिटरमागे सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता खोलीत येते, शिवाय यंत्राने खाल्लेली सगळी वीजही उष्णताच होते. इथे त्याची बेरीज दिवसभराच्या सरासरीने साडेतीनशे वॅटच्या पुढे जाते. एसी बंद असेल तर बंद खोलीत दोन-तीन अंश वाढतात. म्हणून आर्द्रतेचे काम यंत्राकडे आणि तापमानाचे एसीकडे, अशी स्वच्छ वाटणी केली. एसीचा ‘ड्राय मोड’ वापरला नाही. तो खोली गार करूनच पाणी काढतो, आणि गार करणेच इथे नको आहे.

जोडणी

सामान: तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा, दोन रिलेंचा (रिले म्हणजे कंट्रोलरने चालू-बंद होणारा छोटा स्विच), बाहेर काढता येणाऱ्या सेन्सरचा कंट्रोलर, २५ अँपिअरचा दोन पोलचा मॉड्युलर कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की मोठा प्रवाह जोडणारा स्विच), २३० व्होल्टच्या कॉइलचा, १० अँपिअरची सी प्रकारची एमसीबी (जादा प्रवाह झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारी), व्होल्टेज प्रोटेक्शन रिले, डिन रेलची (हे स्विच ज्या पट्टीवर अडकवतात तिची) आठ खणांची पेटी, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, यंत्रासाठी १६ अँपिअरचे सॉकेट. काम वायरमनकडूनच करून घ्यायचे, अर्थिंग तपासल्याशिवाय काही जोडायचे नाही.

कंट्रोलरवर ‘१० अँपिअर’ छापलेले बघून यंत्र थेट त्याच्या रिलेवर लावण्याचा मोह होतो. तो आकडा हीटर किंवा बल्बसारख्या साध्या भारासाठी असतो. कॉम्प्रेसर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, रिलेचे पाते ठिणग्यांनी खरवडते आणि एखाद दिवशी चिकटून बसते. मग यंत्र थांबतच नाही. म्हणून कंट्रोलरच्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची आणि यंत्राचा प्रवाह कॉन्टॅक्टरमधून न्यायचा.

आर्द्रतेचा रिले कॉइलच्या फेजमध्ये टाकला. तापमानाचा रिले त्याच्याशी ओळीत, असा की खोली ३२ अंशांच्या वर गेली की कॉइल सुटावी. बहुतेक घरगुती यंत्रे ३२ ते ३५ अंशांपर्यंतच चालवायची असतात. एसी बंद, खोली बंद आणि यंत्र चालू, अशा दुपारी हा रिले त्याला वाचवतो. एसीचा पुरवठा कंट्रोलरने तोडायचा नाही. त्याचा थर्मोस्टॅट त्याच्याजवळच राहू द्यायचा. तो छताजवळची गरम हवा मोजतो, म्हणून झोपण्याच्या उंचीवर २७ हवे असतील तर रिमोटवर काय लावायचे ते वेगळ्या थर्मामीटरने एकदा बघून घ्यायचे.

व्होल्टेज रिलेवर खालची मर्यादा १९०, वरची २५० आणि परत सुरू होण्याआधी तीन मिनिटांचा थांबा. १७०-१८० व्होल्टला कॉम्प्रेसर फिरायचा प्रयत्न करत नुसता तापतो. बॅटरीच्या इन्व्हर्टरवर हे यंत्र टाकू नये.

सेन्सरची जागा ठरवायला घाई नको. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, एसीच्या झोतात नाही, पडद्यामागे नाही, बाहेरच्या भिंतीवर नाही आणि यंत्राच्या हवेच्या तोंडापासून निदान दोन मीटर दूर. सेन्सरची वायर भिंतीतून आली असेल तर ते भोक पुट्टीने बुजवायचेच, नाहीतर सेन्सर खोलीऐवजी पाइपातली हवा मोजत बसतो.

पाण्याच्या नळीत लोक सर्वाधिक फसतात. यंत्राची दोन लिटरची टाकी चार-पाच तासांत भरते आणि फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर येणारा तरंगता स्विच) यंत्र थांबवतो. म्हणजे मध्यरात्री कोणी टाकी रिकामी करणार नसेल तर नळी हवीच. यंत्र फूटभर उंच लाकडी चौथऱ्यावर ठेवले, अर्ध्या इंची नळी मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार देत बाथरूमच्या भिंतीतून २० मिलिमीटरच्या भोकाने नहाणी ट्रॅपपर्यंत (पाणी वाहून जाते तिथल्या जाळीखालच्या खळग्यापर्यंत) नेली, आणि भोक सिलिकॉनने बंद केले. नळी कुठेही वर चढता कामा नये. एवढासा जरी फुगवटा राहिला तरी तिथे हवा अडकते आणि पाणी मागे येऊन यंत्राखाली साचते. नळीचे तोंड ट्रॅपच्या पाण्यात बुडवायचे नाही, चार-पाच सेंटिमीटर वर ठेवायचे, आणि झुरळे शिरू नयेत म्हणून त्याला बारीक जाळी बांधायची.

सेन्सर खरे बोलतो का

स्वस्त डीएचटी११ सेन्सर पाच टक्के इकडे-तिकडे दाखवतो. एसएचटी३१सारखा सेन्सर दोन टक्क्यांत राहतो. इथे साठ आणि पासष्टमधला फरक म्हणजे बुरशी नाही आणि बुरशी आहे, म्हणून चांगला सेन्सर घ्यावा आणि तरीही तपासावा. तपासायला स्वयंपाकघरातले मीठ पुरते. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्यायचे, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करायचे, वर पाणी तरंगू द्यायचे नाही. ते झाकण आणि सेन्सर घट्ट झाकणाच्या डब्यात, एकमेकांना न चिकटवता, बारा तास ठेवायचे. डब्याचे तापमान स्थिर हवे, फ्रिजजवळ किंवा उन्हात नको. २५ अंशांच्या आसपास डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. इथे कंट्रोलर ७९ दाखवत होता, म्हणून त्याच्या दुरुस्तीच्या खणात उणे चार टाकले. दर वर्षी मेच्या शेवटी ही तपासणी परत करायची.

सेन्सरबद्दल आणखी एक गोष्ट. आर्द्रतेचा सेन्सर काही वाफांनी बिघडतो. व्हिनेगरसारखा वास येणारे ताजे सिलिकॉन, फिनेल, कपाटातल्या डांबरगोळ्या यांच्या बंदिस्त वाफेत तो राहिला तर आकडा सरकतो, कधी कायमचा. म्हणून फटींचे सिलिकॉन पूर्ण वाळल्यावर, दोन दिवसांनीच सेन्सर बसवला आणि मांडणीतल्या डांबरगोळ्या काढून टाकल्या.

आकडे बसवताना

खोलीतल्या हवेत, अगदी ९० टक्क्यांनाही, सव्वा लिटरसुद्धा पाणी नसते. खरा साठा पुस्तकांत आहे. हजार पुस्तके म्हणजे ढोबळमानाने चारशे किलो कागद, आणि ८५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर येताना कागद आपल्या वजनाच्या साधारण पाच टक्के पाणी सोडतो. वीस लिटर. त्याशिवाय मांडणीचे लाकूड, गाद्या, कपडे. त्यामुळे यंत्र लावल्याच्या पहिल्या दिवशी आकडा तासाभरात साठवर येतो, यंत्र थांबते, आणि वीस मिनिटांत परत सत्तर होतो. ‘यंत्र निकामी आहे’ म्हणून परत करायची घाई इथे होते. खरे तर पुस्तके आपले पाणी हवेत ओतत असतात आणि यंत्र ते काढत असते. हे दोन-तीन आठवडे चालणार.

आणि ते मुद्दाम हळू चालवायचे. तंबोऱ्याचा भोपळा, हार्मोनियमची पेटी, जुनी चामड्याची बांधणी एकदम कोरडी केली तर तडकते, सांधे सुटतात. कंट्रोलरमध्ये दोन आकडे असतात, यंत्र कधी सुरू व्हायचे आणि कधी थांबायचे. पहिला दुसऱ्याहून मोठा असला की कंट्रोलर कोरडे करण्याच्या कामावर असतो. उलटे टाकले तर त्याला वाटते की आर्द्रता वाढवायची आहे, आणि खोली जितकी कोरडी तितके यंत्र चालते. अनेक स्वस्त कंट्रोलर असेच चालतात, म्हणून हा क्रम दोनदा बघावा. इथे सुरुवात ७५ सुरू, ७२ बंद अशी केली. चार दिवसांनी ७० आणि ६७, पुढच्या चार दिवसांनी ६५ आणि ६१, शेवटी ६० आणि ५५ वर कायम. पाच टक्क्यांचे अंतर ठेवले कारण दोन टक्क्यांच्या अंतराने कॉम्प्रेसर तासात पंधरा वेळा चालू-बंद होतो. शिवाय कंट्रोलरचा विलंब तीन मिनिटांवर ठेवला, जेणेकरून थांबलेला कॉम्प्रेसर दाब उतरायच्या आत परत सुरू होऊ नये. यंत्राचा स्वतःचा ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता बघून यंत्र थांबवणारा आतला स्विच) ५० वर ठेवला. कॉन्टॅक्टर चिकटलाच तर तो दुसरा पहारेकरी.

उन्हाचा प्रश्न रोजचा. आषाढात चार दिवसांनी ऊन पडले की कोणीही म्हणते, ‘खिडक्या उघडा, जरा कोरडं होईल.’ बाहेर ३१ अंश आणि ७० टक्के असेल तर आकडा कमी वाटतो, पण त्या हवेत घनमीटरमागे साडेबावीस ग्रॅम पाणी असते, खोलीतल्या हवेत साडेपंधरा. उघडलेल्या खिडकीतून पाणीच आत येते. म्हणून टक्केवारी बघायची नाही, दवबिंदू बघायचा. हवामानाच्या ॲपमध्ये तो मिळतो. बाहेरचा दवबिंदू १८च्या वर आहे तोवर खिडक्या बंद. रत्नागिरीत तो साधारण नोव्हेंबरात दुपारी खाली येऊ लागतो. बाहेर ३० अंश आणि ४५ टक्के असेल तेव्हा हवेत पावणेचौदा ग्रॅम पाणी उरते. तेव्हा झरोक्याची शीट काढायची, खिडक्या उघडायच्या, यंत्र झाकून ठेवायचे.

काय बिघडले

पहिल्याच आठवड्यात यंत्र पाच-पाच मिनिटांनी थांबू लागले. दोष सेन्सरचा नव्हता, यंत्राच्या जागेचा होता. चौथऱ्यावरून निघणारी कोरडी, गरम हवा पलंगाच्या कडेला आपटून सेन्सरकडे वळत होती. यंत्राचे तोंड दाराच्या दिशेने फिरवले आणि छताचा पंखा एक नंबरवर कायम ठेवला, हवा सगळीकडे सारखी झाली. पंख्याचे हे काम दुर्लक्षिले जाते. बंद खोलीत मध्यभागी ५८ आणि मांडणीच्या मागे ७४ असे सहज असते, आणि बुरशीला मांडणीची मागची बाजू पुरते. मांडणी भिंतीपासून सात सेंटिमीटर पुढे घेतली, तळाच्या फळीत आणि मागच्या प्लायवूडला हातभर अंतरावर इंचाची भोके पाडली, आणि दुसरा स्वतंत्र आर्द्रतामापक पुस्तकांच्या मागे ठेवला. रोज तोच बघायचा. आकडे बसल्यावर पुस्तकांमागे ६२-६३ राहू लागले.

एका रात्री वीज जाऊन आल्यावर यंत्र सुरूच झाले नाही. कॉन्टॅक्टर ओढला होता, व्होल्टेज रिलेचा हिरवा दिवा लागला होता, यंत्रावर ‘टाकी भरली’ची खूण. नळी जोडलेली असूनही टाकी नीट आत सरकली नव्हती आणि फ्लोटचे चुंबक जागेवर बसले नव्हते. टाकी पूर्ण आत ढकलून टिक असा आवाज ऐकायचा, ही साधी गोष्ट फिल्टर धुताना दर वेळी चुकू शकते. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवायचा. जुन्या पुस्तकांच्या खोलीत कागदाची भुकटी लवकर साचते, हवा कमी पडते आणि कॉइलवर बर्फ धरतो.

फटी खरेच बुजल्या का, हे कळायला एक बंद-चाचणी करून ठेवावी. आर्द्रता ५५ असताना सगळे बंद करून दार लावायचे, आणि ६५ वर यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवायचे. इथे सुरुवातीला अर्ध्या तासात आकडा वर जात होता, पुस्तके वाळून फटी बुजल्यावर चार तासांहून जास्त लागू लागले. पुढे कधी हा वेळ निम्म्यावर आला तर यंत्राकडे न बघता आधी दाराची ब्रशपट्टी आणि खिडकीचा फोम तपासायचा.

उत्तरेची भिंत

इतके करूनही उत्तरेच्या भिंतीवर जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत रंगाचे पोपडे आणि पांढरे मिठासारखे क्षार निघत राहिले. ही हवेतली ओल नाही. चिरा सच्छिद्र असतो, जोत्यातले पाणी त्यातून वर चढते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट लावलेला, त्यामुळे पाणी बाहेर निघायला जागा शोधत आणखी वर जाते. कोणताही कंट्रोलर हे थांबवू शकत नाही. उलट खोली कोरडी ठेवली की भिंतीतून आत ओढ वाढते आणि क्षार थोडे जास्तच दिसतात. पावसाळ्यात आतून वॉटरप्रूफ रंग मारणे हा सगळ्यात वाईट उपाय, सहा महिन्यांत तो फुगून पडतो.

पुस्तकांची मांडणी लगेच आतल्या पूर्वेच्या भिंतीकडे हलवली. भिंतीचे काम फेब्रुवारीनंतर करायचे ठरले. तीन फुटांपर्यंतचा सिमेंटचा गिलावा खरवडायचा, भिंत मेपर्यंत उघडी वाळू द्यायची, क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढायचे (पाण्याने धुवायचे नाहीत, ते परत आत मुरतात), मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. बाहेरच्या बाजूने पागोळ्यांचे पाणी जोत्यापाशी पडते तिथे तीन फूट रुंद, बाहेर उतार दिलेला कोबा आणि पन्हळीला उतरता पाइप. हा कोबा पहिल्या पावसाच्या आत पूर्ण वाळला पाहिजे, म्हणून तो एप्रिलच्या अखेरीस घालून होईल अशी तारीख गवंड्याकडून आत्ताच घेऊन ठेवली आहे.